वन्संची उघडी मोटार

वन्सं, तुमच्या मोटारीच्या मागच्या गादीवर आत्ता दोन कोंबड्या बसल्या आहेत. सकाळपासून तीनदा हुसकल्या. हुसकल्या की पुढच्या सीटवर जातात, मी पाठ फिरवली की परत मागे. वर कापडी टप असता तर कोंबड्या आत शिरल्या नसत्या. टप असता तर पुष्कळच गोष्टी झाल्या नसत्या, असं गेले सोळा दिवस मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्या शब्दाचासुद्धा उबग आला आहे.

मला तुमचा राग आला आहे. हे आधीच सांगून टाकते. भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, रडून घे, मोकळी हो. रडून झालं. राग तसाच आहे. तुमच्याशी भांडायला तुम्हीच लागता, आणि तुम्ही अर्धं भांडण टाकून निघून गेलात. ही तुमची जुनी खोड. भांडण रंगात आलं की ‘अगं, खांडबाऱ्याहून माणूस आलाय बोलवायला’ म्हणायचं, पेटी उचलायची आणि मोटारीला हँडल मारायचं. माझं तोंड उघडंच राहायचं आणि अंगणात धूर.

मुळापासून बोलते. तुम्ही म्हणाल, मला काय सांगतेस, मी होतेच की तिथं. होतात. पण ही गोष्ट तुम्ही कधी कोणाला खरी सांगितली नाहीत, आणि मीही नाही.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही पुण्याहून सुईणपणाचं शिक्षण घेऊन नुकत्याच नंदुरबारला परतला होतात. विसाव्या वर्षी तुमचं कपाळ पुसलं गेलं होतं. सासूबाईंनी लेकीसाठी माजघराच्या कोपऱ्यात जागा करून ठेवली होती, त्या जागेवर तुम्ही एक दिवसही बसला नाहीत. यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या, म्हणून हे तुमच्यापुढे गप्प. मी धुळ्याची, सातवी शिकलेली, म्हणून माझ्याशी तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात आणि सासूबाईंशी अहिराणी. भांडताना दोन्ही एकदम. गावात तुम्हाला सगळे नर्सबाई म्हणत. मला मात्र तुम्ही पहिल्या दिवसापासून माझ्या डाव्या पायातल्या खड्यासारख्या होतात. काढताही येत नाही आणि चालायचं तर आहे.

लढाई सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. खांडबाऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरून बोलावणं आलं. आगगाडी तिच्या वेळेला जाते, बाळंतपण त्याच्या वेळेला येतं. तुम्ही खांडबाऱ्याला उतरून बैलगाडी केलीत. पोचलात तेव्हा बाळ होतं, आई नव्हती. दुसऱ्या दिवशी घरी आलात, चुलीपाशी बसलात, पायातले बूटसुद्धा काढले नाहीत. सासूबाई ओरडल्या, तुम्हाला ऐकूच गेलं नाही. मग एकदम म्हणालात, “मोटार घेते.”

हे कोर्टातले कारकून. त्यांनी चष्मा काढून पुसला. “ताई, मोटार? आपल्याला झेपेल का?”

तुम्ही आत जाऊन पाटल्या आणि एकदाणी घेऊन आलात आणि त्यांच्यापुढे ठेवलीत. “माय, तूच म्हणतेस ना, विधवेला दागिन्यांचं काय काम? खरं आहे. मोडते.” सासूबाईंना बोलायला जागाच ठेवली नाहीत.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूची होते, वन्सं. त्या मेलेल्या बाईचं तोंड मी पाहिलं नव्हतं, पण तुमचं पाहिलं होतं. पण चार दिवसांनी तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात की गाडी उघडी हवी. कापडी टप मागे पाडता येईल अशी. देखणी. “मला मजेची गाडी हवी आहे, इंदू.”

“वन्सं, मोटार बाळंतपणाला जायला हवी आहे की मजेला?”

“बाळंतपणाला जाताना मजा केली तर बाळ उलटं येतं का?”

सांगा आता. अशा बाईशी माणसानं कसं बोलायचं? मी धुळीचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, लोकांचं सांगितलं. सासूबाई तर हात जोडून म्हणाल्या, “उघडी गाडीमा बाईमानूस बठस का व? लोके काय म्हनतीन?” तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि शेवटी म्हणालात, “वीस वर्षं मला सगळं कामाचं मिळालं. कामाचं लुगडं, कामाचे बूट, कामाची खोली. गाडी तरी मजेची घेऊ दे.” उत्तर नसलं की मला जास्त राग येतो, हे तुम्हाला ठाऊक होतं.

यांना रजा मिळेना. म्हणून सुरतेला तुमच्याबरोबर मला पाठवलं, राखणीला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “बंद गाडी. पक्क्या टपाची. ताई काहीतरी वेड्यासारखं करेल, तू लक्ष ठेव.” मी मान हलवली. राखणदार म्हणून माझी नेमणूक झाली ती अशी.

त्या म्हाताऱ्या पारशीबाबांचं आवार आठवतं? चिंचेखाली जुन्या मोटारी बाजारातल्या बैलांसारख्या ओळीनं उभ्या होत्या. आपल्या ऐपतीत बसणाऱ्या तीनच निघाल्या. पहिली पाहिलीत आणि तुमचा जीव तिच्यावर जडला. ठेंगणी, चाकांना लाल आरे, पुढे दोन जागा आणि मागे काहीच नाही. मी विचारलं, बाकीची माणसं कुठं बसायची? पारशीबाबांनी पेटीचं झाकण उघडावं तसं मागचं झाकण उघडलं. आत दोन माणसांची डिकी. “आ जुवो, बेन. अंदर बे जणा बेसे.”

“वन्सं, बाळंतीण या डिकीत बसवणार?”

“बाळंतीण पुढं बसेल. डिकीत तू.”

त्या परक्या माणसासमोर आपण अर्धा तास भांडलो. त्यांनी मध्येच चहा आणवला, आपण चहा प्यायलो आणि पुन्हा सुरू केलं. मी सांगितलं, मागे आडवं निजवता येईल एवढी बैठक नसेल तर मी आत्ता स्टेशनवर जाते, आणि घरी काय सांगायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही त्या लाल आऱ्यांवरून एकदा हात फिरवलात आणि ‘बरं’ म्हणालात. एवढंच. आणि त्यानंतर सात वर्षं, सात वर्षं वन्सं, तुम्ही प्रत्येकाला सांगत राहिलात, “मागची बैठक पाहिजे हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं.” मामलेदारांच्या बायकोला सांगितलंत. वाण्याला सांगितलंत. मी शेजारी भाजीची पिशवी घेऊन उभी असताना सांगितलंत! माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाहीत.

ते असो. आता मुख्य गोष्टीवर येते. ती बोलायला मला सात वर्षं लागली.

उरल्या दोन. एक बंद, चॉकलेटी रंगाची, चार जागांची, छोटी. दुसरी उघडी, बाटलीसारखी हिरवी, जागोजागी रंग उडालेली, मागे ऐसपैस गादी, टप मेणचटलेला पण शाबूत. किमतीत फारसा फरक नव्हता. पारशीबाबा म्हणाले, दोन्ही फिरवून बघा.

आधी बंद गाडीत बसलो. काचा वर, आत कुणाच्या तरी जुन्या विडीचा वास. कोसभर जाईतो मला मळमळायला लागलं. तुम्ही गाडी थांबवायला लावलीत, मी रस्त्याच्या कडेला बसले, तुम्ही पाठीवरून हात फिरवत राहिलात. मग हिरवीत बसलो. टप खाली पाडलेला. डुमसच्या रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, पुढून खारं वारं. पदर डोक्यावरून खाली आला. मी तो वर घ्यायला हात उचलला. आणि मग नाही घेतला. लग्न झाल्यापासून उघड्यावर माझ्या डोक्याला वारा लागला नव्हता, वन्सं. मला वाटलं, मी हसत नाहीये. पण तुम्ही वळून बघितलंत आणि म्हणालात, “इंदू, तुझे दात किती छान आहेत गं.”

परत आवारात आल्यावर तुम्ही मला चिंचेखाली घेऊन गेलात. “तू म्हणशील ती,” म्हणालात. “खरंच. बंद म्हणालीस तर बंद. मी कुरकूर करणार नाही.”

यांचा निरोप मला पाठ होता. सासूबाईंचे जोडलेले हात डोळ्यांपुढे होते. मी म्हणाले, “हिरवी.”

मग मला भीती वाटली. मी म्हणाले, “पण घरी मी असं म्हटलं म्हणून सांगू नका. तुमचा हट्ट होता म्हणा.”

“बरं,” तुम्ही म्हणालात. “माझ्या हट्टांत आणखी एक. कोणाला आश्चर्य वाटायचं नाही.”

एवढ्या सहज! थोडे आढेवेढे तरी घ्यायचे होतेत. ‘भित्री आहेस’ असं म्हणायचं होतंत. मग मला राग आला असता आणि कदाचित मीच घरी खरं सांगितलं असतं. पण तुम्ही पदरात काहीतरी बांधून घ्यावं तसं ते बांधून घेतलंत आणि चालू लागलात.

पारशीबाबांचा ड्रायव्हर नवापूरपर्यंत गाडी घेऊन आला. तिथून पुढे तुम्ही चालवलीत. कापसाच्या जिनाच्या मैदानात करीमचाचांच्या ट्रकवर महिनाभर शिकल्याच्या जोरावर! मी मागच्या गादीवर सगळ्या देवांची नावं घेत होते. दारात गाडी थांबली तेव्हा सासूबाई बाहेर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. “छत कोठे शे?” विचारलं. तुम्ही मागे गुंडाळलेला टप दाखवलात. त्यांनी कपाळाला हात लावला. यांनी माझ्याकडे बघितलं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, “इंदू नको नको म्हणत होती. मीच ऐकलं नाही.”

त्या दिवसापासून सुरू झालं ते थांबलंच नाही. ऊन लागलं, तुमचा हट्ट. पोरांच्या डोळ्यांत धूळ गेली, तुमचा हट्ट. गुजर गल्लीतल्या बायका खिडकीतून बघतात, तुमचा हट्ट. सासूबाई रोज काही ना काही बोलत, आणि मी ताटं घेत असे. कधीकधी, वन्सं, मीही त्यांच्या सुरात सूर मिसळला. ‘मी सांगत होते त्यांना,’ असं म्हणाले. तुम्ही तिथंच जेवत होतात. मान वर करून माझ्याकडे बघितलंत आणि ठेचा मागितलात.

गाडीनंही तुमची साथ दिली असं नाही. टप चढवायला दोन माणसं आणि पाऊण तास लागायचा. एका बाजूची कमान अडकली की दुसरी निसटायची. भोंगा वाजायला हवा तेव्हा वाजायचा नाही, आणि वाजायला नको तेव्हा, कुणाच्या प्रेताच्या वाटेत, वाजत सुटायचा. तुम्ही रस्त्यात दिसेल त्याला बसवून घ्यायचात. मागच्या गादीला मोहाचा वास, सुकटीचा वास, शेळीचा वास. एकदा मी पांढरं लुगडं नेसून बसले आणि उठले ती कोंबडीची पिसं घेऊन. तुम्ही म्हणालात, “फी आहे ती. बाळंतपणाची. जपून उतर.”

आणि मग तो टपाचा दिवस.

चैत्र होता. सिंगा गावित खांडबाऱ्याच्या वरच्या डोंगरातून आला होता, सकाळच्या गाडीनं. बायको मोगी दोन दिवस अडलेली. तुमच्या मदतनीस बाई माहेरी गेल्या होत्या, म्हणून तुम्ही मला उचललंत. “हातावर पाणी ओतायला कोणीतरी हवं. चल.” मी पोळ्या करत होते. तवा तसाच राहिला.

गाडी ओढ्यापाशी थांबली, पुढे पायवाट. वर झोपडीत जाऊन तुम्ही मोगीला तपासलंत आणि तुमचा चेहरा बदलला. हिला नंदुरबारला डॉक्टरांकडे न्यायला हवं, म्हणालात. पण पायवाट एवढी अरुंद की खाट वळेना. सिंगा आणि त्याचे भाऊ बघत राहिले. तुम्ही खाली ओढ्यापाशी गेलात, सिंगाचा कोयता घेतलात आणि टप कमानींपासून कापायला लागलात.

“वन्सं! टप!”

“टप परत शिवता येतो.”

“अहो पण…”

“इंदू, ते टोक ओढ.”

मी ओढलं. त्या कापडाची झोळी बांबूला बांधून त्यांनी मोगीला खाली आणली. मागच्या गादीवर निजवली. मी तिच्या पायाशी खाली दाटीत बसले, तिनं माझं मनगट धरलं होतं. खांडबाऱ्याचं रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. भर दुपार. डोक्यावर काही नाही. मोगीनं एकदम माझा हात पिरगाळला आणि तुम्ही पुढच्या सीटवरून उडी मारून मागे आलात.

“छत्री धर. तिच्या तोंडावर ऊन येऊ देऊ नको. आणि माझ्याकडे बघू नको, तिच्याकडे बघ.”

मी छत्री धरली. मालगाडी आली, डबे खडखडत जात राहिले, मोगी ओरडत होती की मी, मला माहीत नाही. शेवटचा डबा गेला तेव्हा तुमच्या हातात पोरगी होती. निळी. तुम्ही तिला पालथी धरलीत, पाठ चोळलीत, एकदा, दोनदा, कितीदा, आणि ती रडली. फाटकवाला फाटक उघडायचं विसरून उभा होता. सिंगा फूटबोर्डावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देत होता. मी आयुष्यात तेवढं मोठं काही केलेलं नाही, आणि मी फक्त छत्री धरली होती.

तुमच्या हातांवर मी पाणी ओतत होते तेव्हा स्टेशनमास्तर बघायला आले. तुम्ही त्यांना काय सांगितलंत? “मागची बैठक पाहिजे हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं.”

मला तुम्हाला परत नेऊन त्या ओढ्यात ढकलावंसं वाटलं. आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. पाणी ओतत राहिले. पोरीचं नाव त्यांनी मोटरी ठेवलं. दर होळीला सिंगा तिला घेऊन यायचा, आणि तुम्ही तिला मागच्या गादीवर बसवून गावातून एक चक्कर मारायचात.

पण टप शिवला नाही तो नाहीच. पहिल्यांदा म्हणालात सुरतेला कापड सांगते. मग लढाई लागली, सगळं कॅनव्हास लष्कराच्या तंबूंना गेलं. पेट्रोलसुद्धा चिठ्ठीवर. मी गोणपाट जोडून, वर मेण चोळून, पंधरा दिवस खपून एक टप शिवला. नवापूरच्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी उडून गेला. तुम्ही घरी येऊन सांगताना हसून हसून खाली बसलात. “इंदू, पतंगासारखा गेला गं!” आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी मी म्हणाले, दुसरा शिवते. तुम्ही म्हणालात, राहू दे, मला असंच आवडतं. पाच पावसाळे तुम्ही आगगाडी आणि बैलगाडीवर काढलेत आणि उरलेले आठ महिने उघड्या डोक्यानं. पावसाळ्यात मोटार नेणार नाही एवढं एक माझं ऐकलंत. पण माघात पाऊस येतो हे कोणाच्या हिशेबात असतं?

चिंचपाड्याच्या अलीकडून एक बाई आणत होतात, बाळंत झालेली, रक्त थांबत नव्हतं. गारा सुरू झाल्या. तुमचं कांबळं आणि गाडीतलं मेणकापड तुम्ही मागे तिच्यावर घातलंत आणि स्वतः लुगड्यावर तशाच नंदुरबारपर्यंत आलात. ती बाई वाचली. परवा तिचा नवरा येऊन गेला. तुम्ही दारात आलात तेव्हा तुमचे दात वाजत होते. म्हणालात, “चहा टाक.” मी चहा टाकला, आणि बोलले. टपावरून बोलले, वयावरून बोलले, ‘लोकांच्या बायका वाचवायच्या आणि आपण मरायचं’ असंही बोलले. ते सगळं खरं होतं. आणि त्यातला एक शब्दही बोलायला नको होता.

तिसऱ्या दिवशी छातीत कफ दाटला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. सातव्या दिवशी दुपारी तुम्ही जराशा सावध होतात. मी छातीला टर्पेंटाइन चोळत होते. सासूबाई उशाशी माळ घेऊन बसल्या होत्या. त्या पुटपुटत होत्या, “बंद गाडी लेती ते हाई व्हतंच नही.” हे ऐकून तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलंत. “इंदू,” म्हणालात, “बंद गाडीत तुला मळमळलं होतं, आठवतं?”

माझा हात थांबला. सासूबाईंनी मान वर केली. मला वाटलं, आता तुम्ही सांगणार. आणि मी म्हणाले, “बोलू नका वन्सं, दम लागतो.”

तुम्ही डोळे मिटलेत. नंतर बोलण्यासारखं तुम्ही काही बोललाच नाहीत. नवव्या दिवशी सकाळी गेलात.

काय सांगणार होतात? मला तेवढं सांगा. मला सोडवणार होतात की उघडं पाडणार होतात? की नुसती आठवण आली होती, डुमसच्या रस्त्याची? तुम्हाला दम लागतो म्हणून मी तुम्हाला थांबवलं नाही. सासूबाई ऐकतील म्हणून थांबवलं. मरणाच्या दारातल्या माणसाला मी गप्प केलं, स्वतःचं तोंड वाचवायला. आणि तुम्ही, जन्मात माझं कधी न ऐकणाऱ्या तुम्ही, नेमकं तेवढं ऐकलंत! यासाठी मी तुम्हाला माफ करू शकत नाही.

त्यानंतर माणसं येत राहिली. प्रत्येकाच्या तोंडी तेच. हट्टी होती बिचारी. बंद गाडी घेतली असती तर. हे रोज संध्याकाळी अंगणात जाऊन त्या गाडीकडे बघत आणि म्हणत, “ताईनं एकदा माझं ऐकायला हवं होतं.” तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी मला ते सहन झालं नाही. दुपारी घरात आम्ही तिघंच होतो. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. चिंचेखालचं, डुमसच्या रस्त्याचं, ‘तुमचा हट्ट म्हणा’ म्हटलेलं. पदर डोक्यावर घेतला नाही तेही सांगितलं.

हे उठून बाहेर गेले. सासूबाईंनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सात वरीस मी तिले बोलनू,” त्या म्हणाल्या. “आनि तू आयकी ऱ्हायनी.”

मग त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. दोन दिवस माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी दाराशी तांब्या ठेवायची, तो तसाच असायचा. मला वाटलं, आता या घरात मला असंच राहायचं आहे. वन्सं, मी ते कबूल केलं होतं. पण मनातून तुमच्यावर चिडतच होते. तुम्ही सात वर्षं हे इतक्या हलक्या हातानं कसं वागवलंत? मला दोन दिवस निभत नव्हते.

तेराव्याला मंडळी जमली. धुळ्याहून माझे भाऊ, खांडबाऱ्याहून सिंगा आणि मोगी, गावातले सगळे. जेवणं चालू होती. ओसरीवर यांचे चुलते मोठ्यानं म्हणाले, “काही म्हणा, गोदू हट्टी होती. त्या उघड्या मोटारीच्या हट्टानं गेली.” चारपाच जणांनी माना डोलावल्या.

सासूबाई आतून काठी टेकत आल्या. दोन दिवसांत त्या प्रथमच उठल्या होत्या. ओसरीच्या उंबऱ्यावर थांबल्या.

“ती गाडी इंदूनी पसंद करी व्हती,” त्या म्हणाल्या. “मन्ही आंडेरनं, मन्ही गोदूनं नाव कोनी लेवानं नही.”

सगळी पंगत थांबली. माझे भाऊ, चुलते, शेजारच्या बायका, सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. चुलत्यांनी विचारलं, “खरं का गं, सूनबाई?”

“हो,” मी म्हणाले, “मीच केली होती.” आणि पुढच्या पानावर भात वाढला.